दवाखान्यातला माणूस : आरोग्यसेवकांची सुरक्षितता आणि त्यांचं मन

(सात रस्ता, सोलापूर इथे १० ऑक्टोबरला झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पुढच्या रांगेत जागा आहे. काहीजण ड्यूटी संपवून थेट आलेले दिसतायत, अंगावर गणवेश आहे. त्यांनी तर बसाच. दिवसभर उभेच असता.

'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आमच्यात एक भूलतज्ज्ञ आहे, एक निवृत्त परिचारिका आहे आणि रुग्णालयाच्या प्रशासनात आयुष्य घालवलेला एकजण आहे. बोलणारा एक असला तरी मांडणी तिघांची आहे. म्हणून आज 'मी' नाही, 'आम्ही'.

आजची तारीख मुद्दाम निवडली. १९९२ पासून जगभर १० ऑक्टोबर हा मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळतात. आणि सोलापूरकरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. भय्या चौकातलं त्यांचं स्मारक तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पथकात पाच डॉक्टर होते : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. बाकीचे चौघे परत आले, कोटणीस तिथंच राहिले. बेथ्यून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगितलं जातं. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३२. मुलगा काही महिन्यांचा होता.

शाळेत ही गोष्ट सांगताना आपण '७२ तास' या शब्दांवर जोर देतो. मुलांचे डोळे चमकतात. आमचेही चमकले होते. आमच्यातले दोघे त्या गोष्टीमुळेच या पेशात आले. पण इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर आज आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. तो माणूस त्या ७२ तासांत काही खायला बसला असेल का? 'आता तू जरा पड, मी बघतो' असं त्याला कुणी म्हटलं असेल का? अपस्मार असलेल्या माणसाच्या झटक्यांना जागरण चिथावतं, हे आज वैद्यकशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. कोटणीसांच्या मृत्यूचं कारण जागरणच होतं, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. आम्ही एवढंच म्हणतो की गोष्टीतला जो भाग ऐकून आपण टाळ्या वाजवतो, तोच आपल्याला काळजीचा वाटायला हवा होता.

ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं काय झालं? १९३९ मध्ये आघाडीवर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापलं. जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि १२ नोव्हेंबरला ते वारले. बोटाला कापलं, एवढंच निमित्त.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांचे पुत्र यशवंत डॉक्टर होते, त्यांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तिथं आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या साथीतच डॉ. यशवंतही गेले. आई आणि मुलगा, दोघंही रुग्णांची सेवा करता करता.

ही माणसं मोठी होती, यात शंका नाही. सोलापूर तर हुतात्म्यांचं शहर आहे. १२ जानेवारी १९३१ ला चौघे फासावर गेले, त्यांचे पुतळे आपल्या चौकात आहेत. बलिदानाचा मान कसा राखायचा, हे या शहराला शिकवायला नको. पण युद्ध आणि प्लेग वेगळे, आणि एखाद्या मंगळवारी संध्याकाळी मेडिसिन वॉर्डातली ड्यूटी वेगळी. युद्धात पर्याय नसतो. मंगळवारी असतो. मंगळवारची ड्यूटीसुद्धा बलिदानाच्या हिशेबाने चालवली जात असेल, तर कुणीतरी आपलं काम केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे ते हेच.

सात रस्त्यावर बोलायचं म्हणजे सात उपाय सांगावेत, असा मोह झाला होता. पण चारच गोष्टी सांगतो, कारण त्यांची आम्हाला खात्री आहे : सुई, झोप, दार आणि मन.

पहिली गोष्ट : सुई

आमच्यातल्या परिचारिकेच्या नोकरीचं पहिलं वर्ष. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. रात्रपाळीला दोन वॉर्ड मिळून ती एकटी. पहाटे रक्त काढून झाल्यावर तिनं सुईवर टोपण परत बसवायला घेतलं आणि सुई अंगठ्यात घुसली. रुग्णाला कोणता आजार आहे, ठाऊक नव्हतं. तिनं नळाखाली हात धुतला, पट्टी लावली आणि कुणालाच सांगितलं नाही. का? कारण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "लक्ष कुठं होतं तुझं?"

पुढचे सहा महिने ती रोज रात्री मनात एकच हिशेब करायची. घरी लग्नाची बोलणी चालली होती. आईलाही बोलली नाही. सहा महिन्यांनी, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत वेगळ्या नावाने तपासणी करून घेतली तेव्हा कुठं तिला नीट झोप लागली. सुदैवानं काही झालं नव्हतं. पण ते सहा महिने तिला कुणी परत दिले नाहीत.

आता यातलं शास्त्र बघू. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हेपेटायटिस सी साठी ती शंभरात दोनच्या आसपास. हेपेटायटिस बी मात्र जबरी : लस न घेतलेल्या माणसाला शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणजे सगळ्यात मोठा धोका ज्याचा, त्यावर लस उपलब्ध आहे. तीन डोस : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तुमच्या रुग्णालयातल्या सफाई करणाऱ्या मावशींचे तीनही डोस झालेत का, हे उद्या जाऊन विचारा. डॉक्टरांचे झालेले असतात. कंत्राटावरच्या मावशींचे, मामांचे बऱ्याचदा राहून जातात. आणि कचऱ्याच्या पिशवीत कुणीतरी टाकलेली सुई टोचते ती त्यांनाच.

टोचलीच, तर साबण आणि वाहतं पाणी. जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच वरिष्ठांना कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत. कोर्स २८ दिवसांचा. आणि मुळात वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचंच नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुयांसाठी पांढरा, आरपार दिसणारा आणि सुईनं न भोसकला जाणारा डबा लागतो. तो डबा खाटेपासून हाताच्या अंतरावर असला तर कुणी टोपण बसवत नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला तर सगळे बसवतात. त्या मुलीचं लक्ष ठिकाणावर होतं. डबा ठिकाणावर नव्हता.

म्हणून पर्यवेक्षकांना आमची विनंती आहे : सुई टोचल्याचं कुणी सांगायला आलं, तर तोंडातून पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच यायला हवं. वाक्य साधं आहे. पण ते ऐकू येईल याची खात्री नसते, म्हणून माणसं ते ७२ तास गप्प राहून घालवतात.

दुसरी गोष्ट : झोप

१९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात डॉसन आणि रीड या दोन शास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याची कामाची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्याच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे २४ तास जागलेल्या डॉक्टरच्या हातात आपण स्कूटरची किल्ली देताना विचार करायला हवा. आपण मात्र त्याच्या हातात सलाइन, इंजेक्शन आणि आपल्या वडिलांचा जीव देतो.

२००४ मध्ये अमेरिकेत एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या दोन पद्धती ताडून बघितल्या. चोवीस तासांहून लांब पाळ्या असलेल्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. डॉक्टर तेच होते, ज्ञान तेच होतं. फरक झोपेचा होता.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग कामाची मर्यादा साधारण १२ तास, आठवड्याची ४८ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी असं लिहिलेलं आहे. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस आहे. बघा, ४८ वरून आपण ७४ वर आलो, आणि ७४ सुद्धा आज सुधारणा वाटते. त्याच अहवालासाठी केलेल्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं की त्यांना साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही.

"आमच्या वेळी आम्ही ३६-३६ तास केलं, आम्हाला काय झालं?" असं वरिष्ठ म्हणतात. आम्हीही म्हणायचो. पण आमच्या वेळी काय काय झालं, ते आम्हाला आठवत नाही, कारण आम्ही अर्धवट झोपेत होतो. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. चुका झाल्या असतील. त्या कळल्याही नसतील.

माणसं कमी आहेत, रुग्ण जास्त आहेत, हे आम्ही जाणतो. सोलापूरच्या सिव्हिलला नुसतं सोलापूर येत नाही. धाराशिव येतं, पलीकडून विजयपूर, कलबुर्गी येतं. सगळी रिक्त पदं उद्या भरली जाणार नाहीत. पण ड्यूटीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावणं, रात्रपाळीनंतर दुसरा दिवस खरोखर मोकळा ठेवणं, पाळी बदलताना १५ मिनिटं नीट बोलून रुग्ण सोपवणं, आणि झोपायला एक स्वच्छ, आतून कडी असलेली खोली देणं, याला नवी पदं लागत नाहीत.

तिसरी गोष्ट : दार

त्या आतल्या कडीवरूनच पुढं जाऊ.

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. तिथं त्यांच्यावर रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ९ ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातली एक निवासी डॉक्टर लांबलचक ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली होती. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अरुणा शानबाग यांची आठवण काढली आणि राष्ट्रीय कृती दल नेमलं.

एक कपडे बदलायला गेली होती, दुसरी पाठ टेकायला. मध्ये ५० वर्षं. आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न तोच की बाईमाणसाला कपडे बदलायला आणि पाठ टेकायला रुग्णालयात सुरक्षित खोली आहे का. हे आम्ही मुद्दाम इतक्या साध्या शब्दांत मांडतो. 'सुरक्षा आढावा समिती' म्हटलं की फाईल तयार होते. 'कडी आहे का, दिवा आहे का, जिन्यात कॅमेरा आहे का' म्हटलं की सुतार आणि वायरमन येतात.

दुसरी हिंसा नातेवाइकांकडून होते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सुरक्षारक्षक द्यायचं ठरलं. कायदा तर त्याआधीपासून होता. महाराष्ट्राचा २०१० चा कायदा सांगतो की वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवर हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, परिचारिका, विद्यार्थी, तंत्रज्ञ सगळे त्यात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणखी एक सूचना काढली : घटना घडल्यापासून सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानं पोलिसांत गुन्हा नोंदवायची जबाबदारी घ्यायची. ही सूचना आम्हाला फार मोलाची वाटते. नाहीतर होतं काय? मार खाल्लेली २३ वर्षांची मुलगी एकटीच पोलीस चौकीत बसते, आणि आठ दिवसांनी तिलाच कुणीतरी सांगतं, "जाऊ दे, मिटवून टाक."

पण कायदा लागू होतो तो मारल्यानंतर. मारायची वेळ का येते, ते बघू. आमच्या अनुभवात हाणामारीच्या आधी बहुतेक वेळा एक लांब शांतता असते. रुग्ण आत, नातेवाईक बाहेर. दोन तास कुणी काही बोलत नाही. मग दार उघडतं आणि सगळ्यात तरुण डॉक्टर, जिन्यात उभ्या उभ्या, दहा माणसांसमोर, वाईट बातमी सांगतो. आणि सोलापुरात आणखी एक गोष्ट असते. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब, कन्नड बोलणारं कुटुंब, दखनी बोलणारं कुटुंब, आणि डॉक्टर विदर्भातून आलेला. तो 'व्हेंटिलेटर' म्हणतो, आजी 'बरं वाटतंय' असं समजते. दुसऱ्या दिवशी मृत्यू होतो, आणि घरच्यांना वाटतं आपल्याला फसवलं.

यावर उपाय जुनेच आहेत. वाईट बातमी वरिष्ठानं सांगायची. बसून सांगायची आणि समोरच्यालाही बसवायचं. एका बाजूला, दोन जबाबदार नातेवाइकांना. अत्यवस्थ रुग्णाच्या घरच्यांशी ठरलेल्या वेळी बोलायचं, बदल नसला तरी 'बदल नाही' हे सांगायचं. आणि भाषा येणारी सिस्टर किंवा मामा शेजारी उभे करायचे. आमच्या पाहण्यातल्या एका वॉर्डात कन्नड जाणणाऱ्या एका मावशींनी जेवढी भांडणं थांबवली असतील, तेवढी कुठल्याही गार्डाने थांबवली नाहीत. त्यांच्या पगारात त्याचा उल्लेख नव्हता.

चौथी गोष्ट : मन

आता ज्यासाठी आजचा दिवस आहे त्याकडे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या आपल्या वर्गीकरणात घातली. आपण त्याला 'जळून जाणं' म्हणू. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत. शक्ती संपल्यासारखी वाटणं. कामापासून मन तुटणं, रुग्णाचं नावच न आठवणं, तो नुसता 'सहा नंबर' होणं. आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. संघटनेनं हे आजारांत मोजलेलं नाही. नोकरीच्या जागी साचत गेलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे. म्हणजे औषध शोधायचं ते आधी नोकरीच्या जागेत. १६ तास राबवून झाल्यावर योगशिबिराची नोटीस लावली की माणसं चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. योगाशी त्यांचं भांडण नाही.

दुसरं एक दुःख आहे, त्याविषयी बाहेर कुणी बोलत नाही. हातून चूक होते, किंवा चूक नसतानाही रुग्ण जातो. २००० साली अल्बर्ट वू या डॉक्टरांनी अशा डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं. पहिला बळी रुग्ण आणि त्याचं घर, ते कधीच विसरायचं नाही. पण दुसराही असतो.

आमच्यातल्या भूलतज्ज्ञाचं सांगतो. एक बाळ टेबलावर गेलं. सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, तरी गेलं. आईला सांगून झालं. २० मिनिटांनी पुढची केस आत आली. त्यानं हात धुतले आणि भूल दिली. त्या दिवशी कुणी त्याला काही विचारलं नाही, कारण सगळ्यांनाच वाटत होतं की विचारलं तर हा कोसळेल. तो घरी गेला, जेवला. पुढची दोन वर्षं लहान मुलाची केस आली की त्याचे हात गार पडायचे. एके दिवशी थिएटरमधल्या वयस्क सिस्टरनं चहा घेताना सहज म्हटलं, "त्या बाळाची मला अजून आठवण येते." तेवढ्यावर तो पहिल्यांदा रडला. आणि त्याचं बरं होणं तिथून सुरू झालं.

त्यावरून आम्ही एक रीत पाडली, तुम्हीही पाडू शकता. अवघड मृत्यूनंतर त्याच दिवशी १० मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसायचं. डॉक्टर, सिस्टर, मावशी, सगळे. कोण चुकलं हा विषय त्या १० मिनिटांत नाही, त्याची बैठक वेगळी. इथं एवढंच विचारायचं : तुला काय झालं? आज घरी कशी जाणार? उद्या कोण सोबत असेल?

आणि जेव्हा १० मिनिटं पुरत नाहीत, तेव्हा तज्ज्ञाकडे जायचं. झोप उडाली, रोज पिण्याची गरज वाटू लागली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर एका दिवसाचीही वाट पाहू नका. 'टेली मानस' ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. आरोग्य खात्यातल्या माणसानं तिथं फोन करायला कसली लाज? हृदयविकारतज्ज्ञाच्या छातीत दुखलं तर तो ईसीजी काढतोच की. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर थेट विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट तो एकट्याने वाहण्याचं ओझं हलकं होतं. आणि मग त्याला एकटं सोडू नका.

या चारही गोष्टी आशाताईंनाही लागू आहेत, हे विसरू नका. २००५ पासून सुरू झालेल्या या योजनेत आज देशभर दहा लाखांच्या आसपास बाया आहेत. त्यांचं रुग्णालय म्हणजे गल्ली. दाराला कडी, गार्ड, ड्यूटीरूम, त्यांना यातलं काहीच नाही. कोरोनाच्या सर्वेक्षणात दारोदार त्याच फिरल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्यांचा मोबदला वेळेवर मिळणं हासुद्धा मानसिक आरोग्याचाच विषय आहे, असं आम्ही मानतो.

प्रश्नोत्तरं

एका गृहस्थांनी विचारलंय : "खासगीत लाखांची बिलं करतात, सरकारीत नीट बोलत नाहीत. अशांच्या मनाची काळजी आम्ही का करायची?"

राग खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. हलगर्जी झाली असेल तर ग्राहक आयोग आहे, वैद्यकीय परिषद आहे, न्यायालय आहे, तिथं जरूर जा. बिलाचा खुलासा मागा, कागदपत्रं मागा, तो तुमचा हक्क आहे. पण हात उचलला जातो तेव्हा तो बिल ठरवणाऱ्यावर उचलला जात नाही. त्या वेळी जो समोर असतो त्याच्यावर उचलला जातो, आणि समोर असते ती बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराची, सगळ्यात जास्त वेळ जागी असलेली व्यक्ती. आणि स्वार्थाचंच बोलायचं तर २०२० मध्ये जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा विषयच हा होता की आरोग्यसेवक सुरक्षित असेल तरच रुग्ण सुरक्षित राहतो. घाबरलेला डॉक्टर अवघड रुग्ण पुढच्या गावाला पाठवून देतो. त्या रुग्णवाहिकेत उद्या आपणही असू शकतो.

एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारलंय : "आई म्हणते, सिस्टर म्हणजे देवमाणूस. मग मला थकवा आला तर मी कमी पडले असं का वाटतं?"

बाळ, आईचा भाव चांगला आहे. पण देव म्हटलं की दोन अडचणी होतात. देवाला भूक लागत नाही, झोप येत नाही, असं लोक धरून चालतात. आणि नवसाला पावला नाही की त्याच देवावर चिडतात. तू आईला सांग, मी माणूस आहे, चांगली सिस्टर आहे. थकले की बसते, चुकले की सांगते. तुझे रुग्ण त्याने जास्त सुखरूप राहतील.

वेळ संपली. हॉल परत करायचाय. निघताना एक सांगतो. कोटणीसांच्या स्मारकाला आज आम्ही तिघांनी सकाळी हार घातला, दरवर्षी घालतो. पुढच्या वर्षीही घालू. पण तिथून येताना ज्याच्या त्याच्या रुग्णालयात एक चक्कर मारा आणि बघा : सुयांचा डबा कुठं आहे, रात्रपाळीची खोली कशी आहे, मावशींची लस झाली का. त्यातलं एक जरी दुरुस्त करून घेतलंत तरी आजचं बोलणं कारणी लागलं.

ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी काहीतरी खाऊन जा, बाहेर चहा आणि पोहे ठेवलेत. ज्यांची उद्या सकाळची ड्यूटी आहे, त्यांनी घरी जाऊन झोपा.